इशियामा-साकामोतो मार्ग: बिवा सरोवराकाठचं ओत्सू दोन डब्यांच्या गाडीतून

क्योतो स्थानकातून जेआरच्या (पूर्वीच्या सरकारी रेल्वेच्या) बिवाको मार्गाची गाडी पकडली, एक बोगदा ओलांडला, यामाशिना सोडलं, दुसरा बोगदा ओलांडला की ओत्सू. सगळी मिळून दहा मिनिटं. शिगा प्रांताची ही राजधानी सकाळी क्योतो आणि ओसाकाकडे रिकामी होते आणि संध्याकाळी पुन्हा भरते. नोकरीला रोज ये-जा करणाऱ्यांना जेआर हवी, ती उत्तमच आहे. पण सरोवर आणि त्याला टेकलेले डोंगर पाहायला आलेल्या माणसाला ती डोंगराच्या कुशीत उतरवते, पाण्यापासून पंधरा मिनिटं दूर. त्याच्यासाठी केइहान कंपनीचा इशियामा-साकामोतो मार्ग आहे. इथे परीक्षण त्याचंच आहे: प्रवासी सेवा म्हणून तो कसा आहे, कुठे उतरायचं, आणि कुठे हमखास फसगत होते.

मुख्य इशारा आधीच देतो. ही गाडी सरोवराला समांतर धावते, पण खिडकीतून सरोवर जवळजवळ दिसत नाही. रूळ काठापासून थोडे आत, घरांच्या परसांमधून गेले आहेत. दिसतात ती वाळत घातलेली कपड्यांची रांग, कुंड्या, मंदिरांच्या भिंती आणि मधूनच इमारतींच्या फटीतून चमकणारी पाण्याची रेघ. खिडकीबाहेर सरोवर हवं असेल तर जेआरच्या कोसेई मार्गाने उत्तरेला जा, त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे. या गाडीचं काम वेगळं आहे. ती तुम्हाला पाण्यापासून पाच-दहा मिनिटांच्या चालीवर, दर सातशे मीटरला एकदा, उतरवते.

मार्ग १४.१ किलोमीटरचा, स्थानकं २१. दक्षिणेला इशियामादेरा, उत्तरेला साकामोतो-हिएइझांगुची. या टोकापासून त्या टोकाला साधारण ३३ मिनिटं लागतात. हा वेग कमीच आहे, पण स्थानकं इतकी जवळ असताना दुसरं काही होणार नाही. गाडी कायम दोन डब्यांची. फलाटही तेवढेच आखूड, त्यामुळे गर्दी वाढली म्हणून डबे वाढवण्याची सोय नाही.

चढायचं कुठे

जेआरवरून या मार्गावर येण्याच्या जागा तीन: इशियामा, झेझे आणि ओत्सूक्यो. पहिल्या दोन बिवाको मार्गावर, तिसरी कोसेई मार्गावर. तिन्ही ठिकाणी केइहानचं स्थानक जेआरला लागूनच आहे आणि नावापुढे ‘केइहान’ जोडलेलं आहे: केइहान-इशियामा, केइहान-झेझे, केइहान-ओत्सूक्यो. शिनकाइसोकू ही जेआरची जलद गाडी झेझेला थांबत नाही, इशियामाला थांबते. दक्षिणेकडून सुरुवात करायची असेल तर म्हणूनच इशियामा बरं.

नवखे लोक चुकतात ते जेआर ओत्सूला उतरून. नाव शहराचं, म्हणून तिथेच उतरायचं असं वाटणं साहजिक आहे. पण त्या स्थानकाला केइहानचा हा मार्ग लागतच नाही. तिथून उतारावरून सरळ पाण्याच्या दिशेने पंधरा मिनिटं चालत गेलात की शिमानोसेकी किंवा बिवाको-हामाओत्सू गाठता येतं. हातात सामान नसेल तर चाल वाईट नाही, परतीला मात्र तोच चढ समोर असतो.

क्योतोच्या मधल्या भागात, सांजो किंवा ओइकेच्या आसपास राहत असाल तर आणखी एक रस्ता आहे, आणि रेल्वेची थोडी जरी आवड असेल तर तोच घ्या. तोझाई भुयारी मार्गावर हामाओत्सूला जाणारी गाडी पकडायची. मिसासागीनंतर तीच गाडी केइहानच्या केइशिन मार्गावर जाते आणि थेट बिवाको-हामाओत्सूला पोहोचते. हे जेआरपेक्षा महाग पडतं, कारण भुयारी रेल्वेचं आणि केइहानचं अशी दोन वेगळी भाडी एकावर एक लागतात. जेआरचा पासही इथे चालत नाही, कारण कंपनीच वेगळी.

तिकिटाचं सोपं आहे. इकोका किंवा तत्सम आयसी कार्ड (आधी पैसे भरून यंत्राला टेकवायचं कार्ड) चालतं. फक्त लहान स्थानकांवर कर्मचारी नसतात आणि अडवणारं गेटही नसतं, नुसता कार्ड टेकवायचा खांब असतो. चढताना टेकवलं आणि उतरताना घाईत विसरलं, की पुढच्या प्रवासाला कार्ड अडतं आणि मग कर्मचारी असलेलं स्थानक शोधून ते सोडवून घ्यावं लागतं. ओत्सूच्या दोन्ही मार्गांवर चालणारं एक दिवसाचं तिकीट मिळतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाऊन यायचं आणि मध्ये एक-दोनदा उतरायचं असेल तर ते परवडतं. नुसतं इशियामादेराला जाऊन परत यायचं असेल तर नाही.

काही लहान स्थानकांवर दोन दिशांचे फलाट समोरासमोर आणि दोन्हींचे प्रवेश वेगळे असतात. चुकीच्या बाजूने आत गेलात तर आतून पलीकडे जाता येत नाही. बाहेर येऊन, रेल्वेचं फाटक ओलांडून पुन्हा आत शिरावं लागतं, आणि तेवढ्यात गाडी निघून जाते. आत जाण्याआधी पाटीवर ‘इशियामादेरा’ आहे की ‘साकामोतो’ ते वाचा. काही गाड्या ओमिजिंगूमाएलाच संपतात, कारण रेल्वेची कार्यशाळा तिथे आहे. साकामोतोला जायचं असेल तर गाडीच्या कपाळावरचं नाव बघूनच चढा.

सकाळी शाळांच्या वेळेला गाडी विद्यार्थ्यांनी गच्च भरते. मोठी बॅग घेऊन तेव्हा चढू नका. सामान ठेवायला वेगळी जागा नाही आणि दोन डब्यांत बाजूला सरकायलाही वाव नसतो. गाडीत स्वच्छतागृह नाही. अर्ध्या तासाच्या मार्गाला ते लागतही नाही, पण लहान मुलं बरोबर असतील तर मोठ्या स्थानकावर आधी जाऊन या.

दक्षिण टोक: सेता नदी

बिवा सरोवराला शंभराहून जास्त नद्या येऊन मिळतात. नैसर्गिकरीत्या बाहेर पडणारी नदी मात्र एकच, सेता. ती पुढे उजी होते, मग योदो होऊन ओसाकाच्या उपसागराला मिळते. क्योतो, ओसाका, कोबेसकट जवळजवळ दीड कोटी माणसं या पाण्यावर जगतात. म्हणून इशियामादेरा स्थानकाबाहेर पडल्यावर समोर दिसणारी संथ, रुंद नदी नीट पाहण्यासारखी आहे. नांगो इथे १९०५ मध्ये पहिला बंधारा झाला, १९६१ मध्ये त्याच्या जवळच आजचा. त्याची दारं किती उघडायची यावर सरोवराची पातळी ठरते. फार उघडली तर खालच्या शहरांना पूर, फार मिटली तर काठच्या शेतांत पाणी. वरचे आणि खालचे लोक यावरून पिढ्यानपिढ्या भांडत आले आहेत.

स्थानकापासून इशियामादेरा मंदिर नदीकाठाने दहा मिनिटांवर आहे. रस्त्याने जाताना पात्रात लांबट, अरुंद होड्या वल्हवत सराव करणारी मुलं दिसतात. पाणी संथ आणि पात्र सरळ असल्यामुळे वल्हवण्याचे अनेक संघ इथेच तयारी करतात. मंदिरात आत गेल्यावर पहिल्या पायऱ्या चढलात की समोर उभा राहतो तो राखाडी-पांढरा, वेडावाकडा, घड्या पडलेला खडक. हाच मंदिराच्या नावातला ‘दगडाचा डोंगर’. तो वोलास्टोनाइट आहे. खालून वर आलेल्या ग्रॅनाइटच्या तप्त रसाचा चुनखडीला स्पर्श झाला, उष्णतेने चुनखडीचं रूपच बदललं, आणि त्यातून हे खनिज तयार झालं. सहसा या प्रक्रियेत संगमरवर मिळतो. एवढ्या मोठ्या आकाराचा वोलास्टोनाइट उघड्यावर असणं दुर्मीळ, म्हणून त्याला राष्ट्रीय निसर्गस्मारकाचा दर्जा आहे. वरच्या बाजूला ११९४ सालचा दुमजली तहोतो (बौद्ध मनोरा) आहे, या प्रकारच्या जपानमधल्या उभ्या वास्तूंत सर्वांत जुना. खाली चौकोनी मजला, वर गोल मान आणि त्यावर पुन्हा चौकोनी छप्पर. खडकाच्या पायथ्यापासून वर मान करून पाहिलं तर दोन्ही एका नजरेत येतात. लेखिका मुरासाकी शिकिबूने ‘गेंजीची कथा’ ही हजार वर्षांपूर्वीची कादंबरी इथे लिहायला घेतली अशी परंपरा आहे आणि मुख्य मंदिरात तिच्या नावाची खोली दाखवतात.

दारासमोरच्या दुकानांत शिजिमी घालून शिजवलेला भात मिळतो. शिजिमी म्हणजे नखाएवढे काळसर शिंपले. सेता शिजिमी ही या सरोवराचीच जात. एकेकाळी ती या नदीत अमाप होती, पण तळाची वाळू गेली, गाळ बसला आणि उत्पादन फार खाली आलं. त्यामुळे ताटातले शिंपले सेताचेच आहेत असं गृहीत धरू नका. तसं असेल तर दुकानदार पाटीवर आवर्जून लिहितात.

इथे दोन तास ठेवा. चेरीच्या आणि लाल पानांच्या दिवसांत तीन.

मधला काठ

केइहान-इशियामापासून केइहान-झेझेपर्यंतची स्थानकं इतकी जवळजवळ आहेत की काही ठिकाणी एका फलाटावरून पुढचा दिसतो. इथे उतरायचं ते काठावर चालायला. झेझेहोनमाची स्थानकावरून सात-आठ मिनिटांत झेझे किल्ल्याची जागा येते. तेव्हाचा सत्ताधीश तोकुगावा इएयासू याच्या हुकमावरून १६०१ मध्ये हा किल्ला थेट पाण्यात घुसवून बांधला होता, १८७० मध्ये पाडला. आता त्या जिभेवर बाग आहे आणि तीन बाजूंना सरोवर. तिथून उत्तरेला, ओत्सू बंदराच्या दिशेने, नागिसा बागेची पायवाट चार-पाच किलोमीटर काठाला चिकटून जाते. ती सपाट आहे, सायकलला आणि बाबागाडीला चालते, आणि शिमानोसेकीला किंवा हामाओत्सूला पुन्हा गाडी मिळते. या संपूर्ण मार्गातला हा तुकडा सर्वांत मोलाचा आहे, आणि नेमका हाच पर्यटक वगळतात.

इथून सरोवर समजूनही घेता येतं. नकाशावर बिवा एकसंध दिसतं: सुमारे ६७० चौरस किलोमीटर, किनारा साधारण २३५ किलोमीटर. प्रत्यक्षात ती दोन सरोवरं आहेत. काताताजवळच्या पुलाच्या उत्तरेला खोल भाग, सरासरी खोली ४३ मीटर, सर्वांत खोल जागी १०० मीटरहून जास्त. पुलाच्या दक्षिणेला उथळ भाग, सरासरी फक्त ४ मीटर. ओत्सू शहराचा मुख्य भाग या उथळ पाण्यावर आहे. उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोहोचतं, तळ लवकर तापतो, पाणवनस्पती माजतात. १९९४ च्या दुष्काळात पातळी नेहमीच्या खुणेपेक्षा १२३ सेंटिमीटर खाली गेली. उन्हाचा प्रकाश तळाला लागला, आणि तेव्हापासून दक्षिण भागात पाणवनस्पती इतक्या वाढल्या की त्या कापून काढायला खास बोटी फिरवाव्या लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये वाऱ्याने त्या काठाला येऊन कुजतात आणि वास येतो. तो सांडपाण्याचा वास नाही. पण उन्हाळी दुपारी नागिसा बागेत डबा खायचा बेत असेल तर वारा कुठून आहे ते पाहून बाक निवडा.

पाण्याची काळजी घेण्यात मात्र हा प्रांत जपानमध्ये पुढे होता. १९७७ च्या मे महिन्यात सरोवरावर लाल तवंग पसरला. घरोघरच्या बायकांनी फॉस्फरसयुक्त धुण्याची पावडर सोडून साबण वापरायची मोहीम उभी केली, आणि १९७९ मध्ये प्रांताने अशा पावडरीच्या विक्रीवर आणि वापरावर बंदी घालणारा नियम मंजूर केला. तो १ जुलै १९८० पासून लागू झाला. १ जुलै हा आजही बिवा सरोवर दिन आहे, त्या सुमारास काठ साफ करायला माणसं उतरतात. १९९३ पासून सरोवर महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे.

काठावर मधूनमधून कचरापेटीसारख्या मोठ्या पेट्या दिसतील. त्या माशांसाठी आहेत. ब्लॅक बास आणि ब्लूगिल हे बाहेरून आणून सोडलेले मासे इथल्या देशी माशांची पिल्लं खातात, म्हणून २००३ पासून पकडलेला बास किंवा ब्लूगिल पुन्हा पाण्यात सोडायला प्रांताची मनाई आहे. गळ घेऊन येणार असाल तर हा नियम आधी लक्षात ठेवा. पकडला, फोटो काढला, सोडून दिला, ही जगभरची सवय इथे चालत नाही.

हिवाळ्यात या उथळ भागाला वेगळीच शोभा येते. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत काळे, पांढऱ्या कपाळाचे चांदवे शेकड्यांनी काठापर्यंत येतात, त्यांच्यासोबत डुबक्या आणि बदकं. चांदव्यांना खायला हव्यात त्या याच पाणवनस्पती. साधी दुर्बीण पुरते. सकाळी ऊन पाठीमागून हवं असेल तर मात्र इथे अडचण आहे, कारण काठ पूर्वेला तोंड करून आहे आणि सूर्य समोरून येतो. पक्षी पाहायला दुपारनंतर या.

केइहान-झेझेहून थोडं चालून गिचूजी हे लहानसं मंदिर येतं. कवी बाशो १६९४ मध्ये ओसाकात वारला, पण त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला इथे, बाराव्या शतकातला योद्धा किसो योशिनाका याच्या शेजारी पुरलं. आज समोर रस्ते आणि घरं आहेत. त्याच्या काळी सरोवर मंदिराच्या बरंच जवळ होतं, नंतर भराव टाकून काठ पुढे सरकला.

हामाओत्सूचा चौक

बिवाको-हामाओत्सू स्थानकावर एकच फलाट आहे आणि त्याच्या दोन बाजूंना दोन रूळ. त्याच रुळांवर इशियामा-साकामोतो मार्गाच्या दोन डब्यांच्या गाड्या येतात आणि क्योतोच्या केइशिन मार्गाच्या चार डब्यांच्याही. त्यामुळे ‘पहिली आली ती पकडली’ असं केलं तर साकामोतोऐवजी क्योतोच्या भुयारात पोहोचाल. पाटी वाचा.

स्थानकातून बाहेर पडल्यावर बंदराकडे जाणारा उंच पादचारी पूल आहे. तिथे पंधरा-वीस मिनिटं उभे राहा. पश्चिमेकडून, मिइदेराच्या बाजूने, दोन डब्यांची हिरवी-पांढरी गाडी मोटारींच्या मधून रस्त्यावरून येते. दक्षिणेकडून, उतारावरून, चार डब्यांची गाडी येते, तीही रस्त्यावरूनच. रस्त्यावरच्या रेल्वेसाठी जपानी कायद्यात लांबीची मर्यादा ३० मीटर आहे. ही गाडी सुमारे ६६ मीटरची, तिच्यासाठी खास परवानगी आहे. दिवा बदलतो, सगळ्या मोटारी थांबतात आणि गाडी चौकात अंग वळवून स्थानकात शिरते. पहिला डबा वळून गेला तरी शेवटचा अजून मागच्या रस्त्यावरच असतो.

त्याच चार डब्यांच्या गाडीची अभियांत्रिकी पाहण्यासाठी केइशिन मार्गावरून एक फेरी करावी. मार्ग ७.५ किलोमीटरचा. क्योतोत ती भुयारी रेल्वे असते, मग डोंगरी रेल्वे होते आणि शेवटी ट्राम. चढ ६१ प्रतिहजारपर्यंत, म्हणजे हजार मीटरला ६१ मीटर. दात नसलेल्या साध्या चाकांनी हा चढ चढायला प्रत्येक डब्यात मोटर आहे. सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या ४० मीटर, तिथे चाकं रुळाला घासून आवाज करू नयेत म्हणून रुळांवर पाणी फवारतात. ओतानी स्थानक ४० प्रतिहजार उतारावर आहे. तिथल्या फलाटावरच्या बाकाचे एका बाजूचे पाय दुसऱ्या बाजूपेक्षा लांब आहेत, नाहीतर बसणारा घसरत कडेला येईल. फलाटावर उभं राहिलं तर उतार डोळ्यांना नीट कळत नाही. बाकाकडे पाहिलं की कळतो.

चौकाजवळच्या जुन्या दुकानात मिइदेराचा चिकारामोची मिळतो. काडीला टोचलेले लहान मऊ मोची (तांदळाचे गोळे), वर पाक आणि भाजलेल्या सोयाबीनचं पीठ. त्याच दिवशी खायचा पदार्थ आहे, दुसऱ्या दिवशी कडक होतो. दुसरी चीज फुनाझुशी, तिची चव मात्र तयारीने घ्यावी. निगोरोबुना हा सरोवरातला मासा काही महिने मिठात ठेवतात, मग शिजवलेल्या भातात दाबून अनेक महिने, कधी वर्षाहून जास्त, आंबवतात. भाताचा लगदा होतो, माशाची हाडं मऊ पडतात आणि चव आंबट, खारट, तीव्र होते. अख्खा मासा महाग असतो, आणि न आवडल्यास वाया जातो. पातळ कापांचं लहान पाकीट घ्या आणि गरम भातावर एक काप ठेवून गरम चहा ओता. तसं सुरू केलं तर तो जिभेवर बसतो.

कालवा, मिइदेरा, आणि पुढे

पुढचं स्थानक मिइदेरा. रूळ इथे बिवा कालव्यावरून जातात. क्योतोची राजधानी तोक्योला गेल्यावर शहर उतरणीला लागलं, त्याला पाणी, वाहतूक आणि पुढे वीज देण्यासाठी हा कालवा खोदला. १८८५ मध्ये काम सुरू झालं, १८९० मध्ये पुरं झालं. तानाबे साकुरो नावाच्या विशीतल्या अभियंत्याने ते पार पाडलं. कालवा मिइदेराच्या मागच्या डोंगरात शिरतो तो पहिला बोगदा २,४३६ मीटरचा. लवकर उरकावा म्हणून मधूनच उभी विहीर खणून तिथून दोन्ही दिशांना खोदकाम केलं. स्थानकापासून बोगद्याच्या तोंडापर्यंतचा काठ एप्रिलच्या सुरुवातीला चेरीने भरतो. याच कालव्यातून वसंतात आणि शरदात क्योतोच्या केआगेपर्यंत प्रवासी बोटी चालतात. २०१८ पासून ही सेवा आहे. बोट लहान, जागा मोजक्या, चेरीच्या दिवसांची तिकिटं फार आधी संपतात. ऐनवेळी जाऊन मिळेल या भरवशावर राहू नका.

मिइदेरा मंदिराचा परिसर मोठा आहे आणि पायऱ्या पुष्कळ. कान्नोन या करुणेच्या बोधिसत्त्वाच्या मंदिराच्या वरच्या सज्जावरून सरोवराचा दक्षिण भाग पूर्ण दिसतो. इशियामादेरा आणि मिइदेरा हे साइगोकू यात्रेच्या ३३ कान्नोन स्थानांतले १३ वं आणि १४ वं, म्हणजे यात्रेकरूलाही हीच गाडी सोयीची.

ओमिजिंगूमाए स्थानकापासून दहाएक मिनिटांवर ओमि-जिंगू आहे. मंदिर १९४० चं, सम्राट तेंजीला वाहिलेलं. त्याने ६६७ मध्ये राजधानी ओत्सूला आणली होती, ती पाच वर्षंच टिकली. जपानमधलं पहिलं जलघड्याळ त्याच्या नावावर आहे, म्हणून आवारात घड्याळांचं संग्रहालय. घड्याळांची आवड नसेल तर वेळ साकामोतोसाठी राखा.

उत्तर टोक: साकामोतो

साकामोतो म्हणजे हिएई पर्वताच्या पायथ्याचं गाव. वर एन्र्याकुजी मंदिर, भिक्षू साइचोने ७८८ मध्ये स्थापलेलं, १५७१ मध्ये सरदार ओदा नोबुनागाने जाळलेलं, नंतर पुन्हा उभं राहिलेलं. वर आयुष्य घालवलेले वृद्ध भिक्षू उतारवयात खाली राहायला येत, त्यांची घरं आणि बागा म्हणजे आजचं साकामोतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दगडी भिंती आहेत, आणि गावात पाहायचं ते मुख्यतः हेच. अनोउ या शेजारच्या गावातल्या पाथरवटांनी त्या रचल्या. याच मार्गावर त्या नावाचं स्थानकही आहे. दगड न घडवता, जसा मिळाला तसा, चुन्याशिवाय बसवलेला. जवळ जाऊन पाहा: बाहेर दिसतं ते दगडाचं लहान तोंड, लांब बाजू आत मातीत गेलेली. मागे लहान दगडांचा थर भरलेला असतो, त्यातून पावसाचं पाणी वाहून जातं आणि भिंतीवर दाब येत नाही. सिमेंटची भिंत पाणी अडवून फुगते, ही फुगत नाही. किल्ले बांधणाऱ्या सरदारांनी हे कारागीर देशभर नेले, आणि अलीकडे एका द्रुतगती मार्गावरही ही पद्धत वापरली गेली.

गावात १७१६ पासून चालणारं होंके त्सुरुकी सोबाचं (कुट्टूच्या पिठाच्या शेवयांचं) दुकान आहे. दुपारी बाराला रांग असते, अकराला नसते.

रुळांवरून दोराने ओढल्या जाणाऱ्या केबलकारचं खालचं स्थानक गाडीच्या स्थानकापासून चढावर पंधरा मिनिटं. बस आहे, पण तिच्यासाठी थांबण्यात तेवढाच वेळ जातो. साकामोतो केबल १९२७ ची, लांबी २,०२५ मीटर, जपानमधली सर्वांत लांब, ४८४ मीटरची चढण ११ मिनिटांत. वर जाताना पुढे बसण्यासाठी लोक धडपडतात. उलट करा: डब्याच्या खालच्या टोकाला उभे राहा, सरोवर मागेच उघडत जातं. गाडी साधारण अर्ध्या तासाला एक. शेवटची संध्याकाळी पाच-साडेपाचला, हिवाळ्यात आणखी लवकर. दुपारी तीननंतर वर जाऊ नका, काही पाहून होत नाही.

हिवाळ्यात आणखी एक अडचण येते. एन्र्याकुजीचे तीन भाग आहेत: तोदो, साइतो आणि योकावा. त्यांना जोडणारी डोंगरावरची बस डिसेंबरपासून मार्चच्या मध्यापर्यंत बंद असते. क्योतो बाजूची केबल आणि रोपवेही तेव्हा बंद. म्हणजे हिवाळ्यात ओत्सूकडून चढून क्योतोकडे उतरण्याचा लोकप्रिय बेत होत नाही. तोदो पाहून साकामोतोलाच परत यावं लागतं. साइतोला बर्फातून चालत जाता येतं, योकावा तिथून चारेक किलोमीटर पुढे आहे, ते सोडूनच द्या.

जिथे ही गाडी पुरत नाही

ओमीच्या (शिगाचं जुनं नाव) प्रसिद्ध आठ दृश्यांपैकी सात ओत्सूत आहेत, पण हिराच्या बर्फाचं आणि काताताच्या रानहंसांचं दृश्य या मार्गाच्या टप्प्यात येत नाही. निळं, खोल, स्वच्छ पाणी आणि वाळूचे काठही नाहीत. त्यासाठी जेआरचा कोसेई मार्ग, क्योतोहून निघाल्यास उजवीकडची खिडकी. रूळ उंच खांबांवर आहेत, वानीच्या पुढे सरोवर सलग दिसतं. शिगा स्थानकाहून बसने बिवाको व्हॅलीचा रोपवे गाठता येतो. ११०० मीटरवर उतरून उत्तर भाग, बेटांसकट, एका नजरेत येतो. ढग असतील तर तिकिटाचे पैसे वाया. वरच्या कॅमेऱ्याचं चित्र आधी पाहून मगच निघा.

हिराच्या डोंगरावरून सुटणारा वारा हिवाळ्याच्या अखेरीस आणि वसंतात इतका जोरात खाली येतो की कोसेई मार्गाच्या गाड्या थांबवतात. काही भागांत वाऱ्याला अडवणाऱ्या जाळ्या लावल्या आहेत, तरी उंचावरचे रूळ म्हणजे धोका राहतोच. अशा दिवशी तुम्ही हिएइझान-साकामोतो या जेआर स्थानकावर अडकलात तर घोषणेची वाट पाहत बसू नका. पंधरा मिनिटं चढ चालून केइहानच्या साकामोतो-हिएइझांगुचीला जा. घरांच्या आडोशाने जमिनीलगत धावणारी ही दोन डब्यांची गाडी सहसा चालू असते, आणि केइहान-झेझेला किंवा केइहान-इशियामाला उतरून बिवाको मार्गाने क्योतो गाठता येतं. अशा दिवशी हा विचार बऱ्याच जणांना सुचतो, तेव्हा गाडी भरण्याआधी निघा.